कॉलेजचा क्रमांक कोणाच्या कामाचा?

सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या लाखो घरांत कॅप राऊंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्यांची, चर्चा सुरू होते. गेल्या वर्षीचे कटऑफ, एनआयआरएफचा क्रमांक, क्लासच्या सरांचा सल्ला आणि पुण्यात शिकणाऱ्या मावसभावाचा अनुभव, असे सगळे समोर ठेवून पर्यायांचा क्रम लावायचा असतो. वरच्या नंबरच्या कॉलेजात मिळेल ती शाखा घ्यावी, की हवी ती शाखा मिळते म्हणून खालचे कॉलेज घ्यावे? जवळचे कॉलेज सोडून, कर्ज काढून, नावाजलेल्या कॉलेजात जावे का? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत असते: कॉलेजचा क्रमांक जितका वर, तितके मुलाचे पुढचे आयुष्य वर.

ही समजूत खरी की खोटी, हे तपासता येते. अनेक देशांतल्या अर्थतज्ज्ञांनी ते तपासले आहे, आणि त्यांची उत्तरे एकत्र वाचली की चित्र बरेच स्पष्ट होते. क्रमांकाचा फायदा सर्वांना सारखा मिळत नाही. ज्याच्या घरात शिक्षण, माहिती आणि ओळखी आधीपासून आहेत, त्याच्या आयुष्यात कॉलेजच्या नावाने थोडीच भर पडते. ज्याच्या घरात यांपैकी काहीच नाही, त्याला मात्र चांगले कॉलेज फार काही देऊ शकते. म्हणून क्रमांकाकडे पाहण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: माझ्या घरात जे नाही, ते हे कॉलेज मला देईल का? या प्रकरणात तोच प्रश्न धरून पुढे जाऊ.

क्रमांक नेमके काय मोजतो?

कॉलेजांना क्रमांक देण्याची आजची पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत ‘यूएस न्यूज’ या साप्ताहिकाने 1983 साली अशी यादी छापली आणि तिथून हे वेड पसरले. आपल्याकडे केंद्र सरकारने 2015 मध्ये एनआयआरएफ ही राष्ट्रीय चौकट जाहीर केली. तिची पहिली यादी 2016 मध्ये आली. खाजगी मासिकांच्या याद्यांपेक्षा ही चौकट चांगली आहे, कारण तिचे निकष जाहीर आहेत आणि संस्थांनी दिलेली माहिती कोणालाही पाहता येते.

अभियांत्रिकी कॉलेजांसाठी या निकषांची विभागणी अशी असते: अध्यापन आणि साधनसामग्रीला 30 टक्के, संशोधनाला 30 टक्के, पदवीधरांच्या फलनिष्पत्तीला 20 टक्के, सर्वसमावेशकतेला 10 टक्के आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला 10 टक्के. यातला पहिला निकष ऐकायला आश्वासक वाटतो. पण त्यात मोजले जाते ते विद्यार्थीसंख्या, शिक्षकांचे प्रमाण, त्यांच्यातले पीएचडीधारक, त्यांचा अनुभव आणि संस्थेचा खर्च. हे सगळे महत्त्वाचेच आहे. तरी मंगळवारी सकाळी दहा वाजता थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला वर्गात काय घडते, हे कोणी मागच्या बाकावर बसून पाहिलेले नसते. संशोधनाचे 30 टक्के म्हणजे मुख्यतः शोधनिबंध, त्यांचे संदर्भ आणि पेटंट. पीएचडी करायला निघालेल्याला हा आकडा थेट उपयोगी आहे. पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीपर्यंत त्या संशोधनातले किती पोहोचेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

शिवाय यातली बरीचशी माहिती संस्थाच पुरवतात. या बाबतीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘यूएस न्यूज’च्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावर होते. 2022 च्या सुरुवातीला तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने पुरवलेले आकडे तपासले. वर्ग किती लहान आहेत, किती प्राध्यापकांकडे सर्वोच्च पदवी आहे, अशा अनेक दाव्यांतल्या विसंगती त्यांनी जाहीरपणे मांडल्या. काही आकडे चुकले होते, हे विद्यापीठाला मान्य करावे लागले. त्याच वर्षी आलेल्या नव्या यादीत कोलंबिया अठराव्या क्रमांकावर घसरले. एका वर्षात सोळा पायऱ्या! प्राध्यापक तेच होते, ग्रंथालय तेच होते, विद्यार्थीही तेच होते. शिक्षणात काहीच न बदलता क्रमांक एवढा बदलत असेल, तर पाचव्या आणि बाराव्या क्रमांकातल्या फरकापायी रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही.

श्रेय कॉलेजचे की मुलांचे?

यादीत वर असलेल्या कॉलेजांतून बाहेर पडणारी मुले सरासरीने जास्त कमावतात, हे खरे आहे. पण ती मुले आत जातानाच निवडलेली असतात. आयआयटी मुंबईत पोहोचलेला मुलगा दुसरीकडे गेला असता, तर तो मागे पडला असता का? एकाच मुलाला दोन आयुष्ये जगायला लावून तुलना करता येत नाही, म्हणून हा प्रश्न अवघड.

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये यावर एक सुंदर मार्ग काढला. 1976 साली कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांची माहिती त्यांच्याकडे होती: कोणी कुठे अर्ज केले, कुठे प्रवेश मिळाला, शेवटी कुठे गेले. ज्यांना साधारण सारख्याच दर्जाच्या कॉलेजांनी स्वीकारले किंवा नाकारले होते, अशा विद्यार्थ्यांची त्यांनी आपसांत तुलना केली. त्यातले काही जास्त निवडक कॉलेजात गेले, काहींनी पैशासाठी किंवा घराच्या ओढीने कमी निवडक कॉलेज घेतले. पुढे दोघांची कमाई जवळजवळ सारखी निघाली. मोठ्या ठिकाणी अर्ज करण्याची उमेद आणि तिथवर नेणारी तयारी ज्या मुलात होती, ती त्याच्यासोबत कुठेही गेली. 2011 मध्ये याच दोघांनी 1989 सालच्या विद्यार्थ्यांची भर घालून आणि कमाईच्या सरकारी नोंदी वापरून हा अभ्यास पुन्हा केला. निष्कर्ष मुख्यतः टिकला.

हे वाचून कोणी म्हणेल, मग क्रमांक म्हणजे निव्वळ भ्रमच. तसेही नाही. याच अभ्यासांना एक महत्त्वाचा अपवाद होता आणि त्याकडे आपण लवकरच येऊ. त्याआधी नावाची खरी ताकद कुठे दिसते, ते पाहू.

नावाने उघडणारी दारे

भारतातला एक अभ्यास व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ शीतल सेखरी यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी नामांकित सरकारी महाविद्यालयांच्या कटऑफच्या दोन बाजूंना उभे असलेले विद्यार्थी घेतले. एक जेमतेम वर, त्याला प्रवेश मिळाला. दुसरा जेमतेम खाली, त्याला मिळाला नाही. दोघांची कुवत सारखीच. पदवीच्या शेवटी परीक्षेतल्या गुणांमध्ये या दोघांत फरक आढळला नाही. पगारात मात्र आढळला, आणि तो नामांकित कॉलेजच्या बाजूने होता. अभ्यासक्रमाचे ज्ञान सारखे असतानाही बाजारात नावाला किंमत मिळाली.

आपल्या विद्यार्थ्यांना हे अनुभवाने ठाऊकच आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्या ठराविक कॉलेजांच्याच कॅम्पसवर येतात. हजारो अर्ज वाचायला वेळ नसतो, म्हणून भरती करणारा माणूस कॉलेजच्या नावाची चाळणी लावतो. ही पद्धत अन्यायकारक आहे; बाहेर राहिलेल्या अनेक चांगल्या मुलांवर तिच्यामुळे अन्याय होतो. पण ती आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून मुलांना ‘नाव काही महत्त्वाचे नसते’ असे सांगणे ही त्यांची फसवणूक होईल.

नावाचा जोर शिखरावर सर्वांत जास्त असतो. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी 2023 मध्ये अमेरिकेतल्या बारा अतिनामांकित विद्यापीठांचा अभ्यास मांडला. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड, एमआयटी यांसारख्या या बारा ठिकाणी देशातल्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी लोक शिकतात; पण अमेरिकेतल्या पाचशे सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांत त्यांचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त आहे. प्रतीक्षायादीतून आत गेलेल्या आणि प्रतीक्षायादीतच राहून चांगल्या सरकारी विद्यापीठात शिकलेल्या मुलांची तुलना केली, तर सरासरी कमाईत विशेष फरक दिसला नाही. मात्र सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता आत गेलेल्यांसाठी जवळपास दीडपट होती आणि नामांकित कंपन्यांत काम मिळण्याची शक्यता सुमारे तिप्पट.

म्हणजे नीट, सुस्थितीत जगण्यासाठी शिखरावरच्या संस्थेची गरज नाही. सत्तेच्या आणि संपत्तीच्या अगदी वरच्या मोजक्या खुर्च्यांकडे जाणारा रस्ता मात्र तिथून सोपा होतो. आणि ही गोष्ट त्या मोजक्या संस्थांपुरतीच आहे. यादीत साठाव्या आणि नव्वदाव्या जागी असलेल्या दोन कॉलेजांमध्ये असा काही फरक असेल, असे या अभ्यासांवरून म्हणता येत नाही.

घरातला पहिला पदवीधर

आता तो अपवाद. डेल आणि क्रूगर यांच्या पहिल्या अभ्यासात गरीब घरांतल्या मुलांना निवडक कॉलेजचा ठळक फायदा झालेला दिसला. दुसऱ्या अभ्यासात तो कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांमध्ये दिसला. डॉक्टरच्या मुलीला इंटर्नशिप कशी मिळवावी, कोणाला ईमेल लिहावा, मुलाखतीत कसे बसावे हे जेवणाच्या टेबलावरच कळते. तिने कुठलेही कॉलेज घेतले तरी ही शिदोरी तिच्याजवळ असते. ऊसतोड कामगाराच्या मुलीला हे सगळे कॉलेजातच मिळाले तर मिळणार.

या मुद्द्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर याच कोलंबिया विद्यापीठात गेले. कॉलेजांच्या क्रमांकांचे आजचे वेड तेव्हा नव्हते. तिथे त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन भेटले, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची व्याख्याने ऐकायला मिळाली, आणि जातीवरून कोणी न हटकणारे ग्रंथालय मिळाले. ज्या समाजाला इथे शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसवले जात होते, त्यातल्या एका विलक्षण बुद्धिमत्तेला मोठ्या संस्थेला काय देता येते, ते इथे दिसते. बाबासाहेबांनी त्याचे मोल ओळखले होते. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. चांगले ग्रंथालय आणि चांगले शिक्षक वंचितांच्या मुलांपर्यंत गेले पाहिजेत, हा त्यामागचा ध्यास होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेनेही ‘कमवा आणि शिका’ योजनेतून हेच केले. अशा संस्थांनी किती घरांची दिशा बदलली, हे कुठल्याही यादीतल्या क्रमांकावरून कळणार नाही.

पण प्रवेश मिळाला म्हणजे सगळे मिळाले, असे होत नाही. चिली या देशातल्या अतिनामांकित विद्यापीठांचा अभ्यास सेथ झिमरमन यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाल्याने मोठ्या कंपन्यांची वरची पदे मिळण्याची शक्यता वाढली, पण ती महागड्या खाजगी शाळांतून आलेल्या मुलग्यांचीच. इतर शाळांतल्या मुलग्यांना आणि मुलींना तो लाभ झाला नाही. एकाच वर्गात बसूनही ओळखींची वर्तुळे वेगळी राहिली होती. इथे संस्थेची जबाबदारी सुरू होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात इंग्रजी व्याख्यानांच्या पुरात सोडून द्यायचे आणि नंतर तो मागे पडला म्हणायचे, हे शिक्षण नव्हे. वसतिगृहात, क्लबात, प्रकल्पाच्या गटात तो सामावला जातो का, हे पाहणे कॉलेजचे काम आहे. आणि पालकांनीही प्रवेशाआधी याची चौकशी करायला हवी.

शाखा की कॉलेज?

घरोघरी होणाऱ्या या वादावर नॉर्वेतून चांगला प्रकाश पडतो. तिथेही आपल्या कॅपसारखीच केंद्रीय प्रवेश पद्धत आहे: विद्यार्थी पसंतीक्रम भरतात आणि गुणांनुसार जागा मिळते. त्यामुळे कटऑफच्या दोन बाजूंची तुलना तिथे नेमकेपणाने करता येते. कर्केबोएन, ल्यूव्हेन आणि मॉगस्टॅड या तिघांनी 2016 मध्ये दाखवले, की पुढच्या कमाईवर विद्याशाखेचा परिणाम मोठा होतो, आणि त्या मानाने संस्था किती निवडक आहे याचा परिणाम लहान. शिवाय विद्यार्थी सरासरीने अशाच शाखा निवडतात, ज्यांत त्यांची स्वतःची तुलनात्मक सरशी असते.

नॉर्वेत विद्यापीठांमधली दरी आपल्याइतकी खोल नाही, हे ध्यानात घेऊनही त्यातून एक धडा घेता येतो. क्रमांकातला फरक थोडा असेल, तर शाखेला प्राधान्य द्यावे. ज्या विषयात मन रमत नाही तो विषय चार वर्षे केवळ पाटीसाठी शिकणे महागात पडते. फरक खरोखर प्रचंड असेल, म्हणजे एका बाजूला सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारखी शतकाहून जुनी संस्था आणि दुसऱ्या बाजूला शिक्षकच पुरेसे नसलेले कॉलेज, तर तिथे संस्थेचे पारडे जड धरायला हरकत नाही.

कॉलेजच्या आत काय घडते?

गॅलप ही सर्वेक्षण संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे तीस हजार पदवीधरांना त्यांच्या कामाविषयी आणि जगण्याविषयी विचारले. कामात मन लागणे आणि एकंदर समाधान यांचा कॉलेजच्या प्रतिष्ठेशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो अनुभवांशी. माझी काळजी असलेला निदान एक प्राध्यापक होता, शिकण्याची गोडी लावणारा शिक्षक मिळाला, स्वप्नांच्या मागे लागायला बळ देणारा मार्गदर्शक मिळाला, असे म्हणणाऱ्यांमध्ये पुढे कामात रमण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. एकापेक्षा जास्त सत्रे चाललेला प्रकल्प, शिकलेले वापरायला लावणारी इंटर्नशिप आणि अभ्यासाबाहेरच्या उपक्रमातला मनापासूनचा सहभाग यांचाही असाच परिणाम दिसला. पण पहिल्या तीनही गोष्टी मिळालेले पदवीधर होते जेमतेम 14 टक्के.

सोबतीचाही परिणाम असतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात नव्या मुलांना खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या जात होत्या. ब्रूस सॅसरडोट यांनी 2001 मध्ये दाखवून दिले, की खोलीत कोण जोडीदार आला, याचा मुलाच्या गुणांवर परिणाम होतो. चांगल्या कॉलेजची एक खरी देणगी म्हणजे मेहनती सोबती. त्याची दुसरी बाजूही आहे. हर्बर्ट मार्श यांनी चाळीस वर्षांपूर्वी दाखवले, की सारख्याच कुवतीचा विद्यार्थी अतिहुशारांच्या घोळक्यात स्वतःला कमी लेखू लागतो. छोट्या तळ्यात मोठा वाटणारा मासा समुद्रात गेला की लहान वाटतो. मासा तोच असतो. आयआयटीत गेलेल्या आणि पहिल्या सत्रातच ‘मला काही येत नाही’ असे मानू लागलेल्या मुलाला हे कोणीतरी वेळीच सांगायला हवे.

क्रमांकाच्या पलीकडे काय पाहावे?

पहिली गोष्ट: एनआयआरएफची यादी पाहून थांबू नका, तिच्यामागची माहिती उघडा. प्रत्येक संस्थेने भरलेल्या तक्त्यात प्रवेशसंख्या, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवणारे विद्यार्थी, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार दिलेला असतो. फ्लेक्सवर झळकणारे चाळीस लाखांचे पॅकेज एका मुलाचे असते. मध्यक पगार सांगतो, की निम्म्या मुलांना यापेक्षा जास्त मिळाले आणि निम्म्यांना कमी. आणि तोही फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, म्हणून एकूण किती जणांपैकी किती जणांना लागली, हे जोडीने वाचा.

दुसरी: कॉलेजात जा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटा. तास नियमित होतात का? तुमच्यात रस घेणारा एखादा शिक्षक आहे का? प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का? गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिपला कोण कुठे गेले? या चार प्रश्नांच्या उत्तरांतून कॉलेज जेवढे कळते, तेवढे ते यादीवरून कळत नाही.

तिसरी: पैशाचा हिशेब मोकळेपणाने मांडा. थोड्या वरच्या क्रमांकासाठी मॅनेजमेंट कोट्यातून अवाच्या सवा फी भरून जमीन गहाण टाकणे, याला वर सांगितलेल्या कुठल्याही अभ्यासाचा आधार नाही. कर्जाच्या ओझ्याखाली शिकणारा मुलगा मिळेल ती पहिली नोकरी धरतो आणि पुढचे पर्याय गमावतो.

ज्यांना मनासारखे कॉलेज मिळाले नाही, त्यांच्यासाठी आपल्या देशात पुढची दारे बऱ्यापैकी उघडी आहेत. यूपीएससी, एमपीएससी किंवा गेटच्या पात्रतेसाठी पदवी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो, कॉलेज नामांकित असावे लागत नाही. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. कुठल्याही तालुक्याच्या गावातली मुलगी आज रात्री ती ऐकू शकते. पण व्याख्याने सापडली म्हणून मार्ग सापडत नाही. ‘हे ऐक, हा प्रकल्प कर, या सरांना विचार’ असे सांगणारे माणूस लागते. ते घरात नसेल तर कॉलेजात शोधा, कॉलेजात नसेल तर माजी विद्यार्थ्यांत शोधा, पण शोधल्याशिवाय राहू नका.

आणि जे आज शिकून स्थिरावले आहेत, त्यांच्याकडेही याचे एक उत्तर आहे. आपल्या जुन्या, अनामिक कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांचे अर्ज तपासून देणे, त्यांची सराव मुलाखत घेणे, त्यांच्यासाठी आपल्या कंपनीत शब्द टाकणे, हे कोणालाही जमण्यासारखे आहे. क्रमांकाची सद्दी टिकते, कारण ओळखी थोड्यांकडेच साचून राहतात. त्या वाटल्या, तर नव्वदाव्या जागेवरच्या कॉलेजातल्या मुलीलाही ते मिळेल, जे आज काही थोड्यांना जन्मानेच मिळते.